मला दमा आहे, लेह-लडाखला जाता येईल का?

जाता येतं, पण दमा आटोक्यात असेल तरच. हल्ली रात्री खोकल्याने जाग येत असेल किंवा निळा पंप (धाप लागल्यावर लगेच आराम देणारा) वरचेवर लागत असेल, तर बेत सरळ पुढे ढकला.

गंमत म्हणजे उंचावरच्या कोरड्या हवेत धूळकिडे कमी, त्यामुळे काहींना तिथे उलट बरं वाटतं. त्रास देते ती बोचरी थंडी आणि चढावरची दमछाक. नाकातोंडावर मफलर हवाच.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस हॉटेलात लोळा, खारदुंग ला ही आणखी उंचावरची खिंड नंतर. दमा आटोक्यात ठेवणारा रोजचा पंप चुकवू नका. गारठ्यात पंप नीट फवारत नाही, म्हणून तो सॅकमध्ये न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, रात्री पांघरुणात. जादा पंप केबिन बॅगेत.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, ग्रुपमधल्या कुणी दिली म्हणून घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर नक्कीच.

बसल्या जागी धाप लागली आणि पंपानेही उतार पडेना, तर दमाच असेल म्हणून वाट पाहू नका. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. ऑक्सिजन लावा, हॉस्पिटल गाठा, खाली उतरा.