बंब मोडीत काढण्याआधी

अंघोळीचं पाणी तापवायला सोलर घ्यायचं ठरवलंत ते बरं केलंत, पण बंब लगेच भंगारवाल्याला देऊ नका. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा तोच कामाला येतो.

आधी बोअरचं पाणी बघा. पातेल्याला पांढरा थर धरत असेल तर तांब्याच्या नळ्यांचं सपाट पॅनेल नको. क्षार साचून नळ्या बुजतात. काचेच्या नळ्यांचा घ्या, त्या काढून साफ करता येतात. चार माणसांना 100 लिटर पुरतं. तोंड दक्षिणेला, आणि आंब्याची सावली पडणार नाही अशी जागा.

माझी फजिती सांगतो. थंड पाण्याची टाकी मी सोलरच्या टाकीपेक्षा खाली ठेवली होती. पंपाशिवाय पाणी वर चढेल कसं? शेवटी विटांचा ओटा बांधून टाकी उचलली. आणखी एक, भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते. भरायचं ते भल्या पहाटे.

न्हाणीपर्यंतच्या पाइपावर आवरण घालाच. आमच्याकडे पहिली बादली गारच यायची. आई अजून ऐकवते.