वर चढवायचं की बाजूला वाढवायचं?

जुन्या घराची वाढ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचं १९८२ साली बांधलेलं बैठं घर आहे. ९ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. दोन्ही मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली, जागा पुरत नाही. गवंडी म्हणतो, "स्लॅब दणकट आहे, बिनधास्त मजला चढवा." चढवावा का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : स्लॅब दणकट असेलही, पण नव्या मजल्याचं ओझं स्लॅबवर थांबत नाही. ते भिंतींतून पायात आणि पायातून जमिनीत उतरतं. तुमच्या घरात भिंती हेच कॉलम. त्यामुळे तपासणी सुरू होते ती जोत्याखाली.

उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, बाहेरच्या भिंतीलगत कोपऱ्यापासून चार-पाच फूट सोडून ३ फूट लांबीचा खड्डा घ्या. दुसरा घरात, मधल्या भिंतीला लागून. पायाचा तळ दिसला की थांबा, त्याखाली खणू नका. तीन गोष्टी पाहायच्या : पाया किती रुंद आहे, दगड कशात बांधलेत (सिमेंट, चुना की माती), आणि तळाशी मुरूम आहे की काळी माती. मापं लिहून, फोटो काढून खड्डा त्याच दिवशी थराथराने धुमस मारून बुजवा. मग दोन-तीन ठिकाणी फूटभर प्लास्टर काढून विटांच्या दरजेत खिळा खुपसा. तो सहज आत जात असेल आणि मसाल्याचं बोटांत पीठ होत असेल, तर गवंड्याचा 'बिनधास्त' तिथेच संपला.

आता हिशेब. १२ फुटी (३.६ मीटर) दोन खोल्यांमधली भिंत धरा. दोन्हीकडच्या स्लॅबचा अर्धा-अर्धा भाग तिच्यावर आहे. ५ इंची स्लॅब, वरचा कोबा आणि वापराचं ओझं मिळून चौरस मीटरला साधारण ६०० किलो, म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २,१५० किलो. १० फूट उंच भिंतीचं स्वतःचं वजन प्लास्टरसकट मीटरला १,५०० किलोच्या आसपास. एकूण ३,६५०. तसाच विटांचा आणि स्लॅबचा मजला वर आला की ७,३००. पाया अडीच फूट रुंद असेल तर जमिनीवर चौरस मीटरला पावणेदहा टन दाब येतो, पायाचं वजन वेगळंच. कडक मुरूम हे सहसा पेलतो. काळी माती पेलत नाही. शिवाय ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या चिरा पाडते.

आमचा सल्ला : मुरूम लागला आणि मसाला घट्ट निघाला तर मजला चढवा, पण हलका. भिंती ६ इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांमुळे हलक्या झालेल्या काँक्रीट विटांच्या (प्लास्टरसकट मीटरला ४५० ते ५०० किलो), छत लोखंडी ट्रसवर (त्रिकोणी सांगाड्यावर) पत्र्याचं, खाली सीलिंग आणि मध्ये उष्णतारोधक थर. छतावर चढणाऱ्या माणसाचं ओझं धरूनही ते चौरस मीटरला १००-१२० किलोच्या वर जात नाही. अशाने मधल्या भिंतीवर मीटरला ९०० किलोच्या आसपासच भर पडते. दुपटीऐवजी सव्वापट. पत्रा उन्हात तापतो आणि पावसात वाजतो, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच तो थर वगळून पैसे वाचवू नका. वारा पत्रा उचलतो, म्हणून ट्रस छताखालच्या काँक्रीटच्या पट्ट्यात (तो पुढे सांगितला आहे) बोल्टने बांधलेला हवा.

वरची प्रत्येक ब्लॉकची भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर यायला हवी. स्लॅबच्या मध्यावर ४ इंची भिंतही नको. तिथे आडोसा हवा असेल तर सिमेंट बोर्डाचा करा. खिडक्या-दारांच्या डोक्यावर आणि छताखाली, चारही भिंतींतून न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा घाला. भूकंपात जड डोकं आणि बांधून न ठेवलेल्या भिंती काय करतात, हे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने दाखवलं आहे : तिथे दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड धाबे माणसांवर कोसळले.

वरचा जुना कोबा आधी काढा, नाहीतर त्यावर फरशी घातली की ते वजन उगाच राहतं. मात्र काम दिवाळीनंतर सुरू करून मे अखेर छप्पर पूर्ण व्हायला हवं. कोबा काढलेला स्लॅब पावसात चाळणीसारखा गळतो. काळी माती लागली तर वर जायचा विचार सोडा आणि बाजूला वाढा. दोन्ही बाबतींत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीचा आराखडा आणि बांधकाम परवानगी आधी, विटा नंतर.

प्रश्न : आमच्या १९९८ च्या रो-हाउसवर बिल्डरने पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या दीड फूट सळया सोडल्या आहेत. त्यांनाच जोडून कॉलम उभे करता येतील ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गच्चीवर आभाळाकडे तोंड करून उभ्या सळया गावोगावी दिसतात. त्यांवरून कुणाची तरी इच्छा कळते, पायाची ताकद नाही. मंजूर नकाशात आणि आरसीसी ड्रॉइंगमध्ये (सळया-काँक्रीटच्या आराखड्यात) पुढचा मजला धरला होता का, ते पाहा. ड्रॉइंग नसेल तर एका कॉलमचं फुटिंग (जमिनीखालचा पाया) उघडून मोजावं लागेल. रो-हाउसमध्ये सामाईक भिंतीतले कॉलम आणि फुटिंग बहुधा शेजाऱ्यासोबत वाटलेले असतात. तेव्हा शेजाऱ्याची लेखी संमती घ्या, तोंडी नको.

आता सळया. तारेच्या ब्रशने गंज काढून व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. १२ मिमीची सळई ११ मिमी भरली तर 'एकच मिलिमीटर गेला' असं वाटतं, पण क्षेत्रफळ १६ टक्के घटलेलं असतं. सर्वांत वाईट गंज सळई काँक्रीटमध्ये शिरते तिथे असतो, कारण पाणी तिथेच थांबतं. कॉलमचं डोकं तीन-चार इंच फोडून चांगलं लोखंड दिसेपर्यंत खाली जा. १२ मिमी सळईच्या जोडाला साधारण दोन फूट लांबी लागते, तुमच्याकडे दीडच आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी काँक्रीटमध्ये भोक पाडून नवी सळई चिकटवणाऱ्या केमिकलने बसवावी लागते. कामगार याला रिबारिंग म्हणतात. १२ मिमीसाठी १६ मिमीचं भोक. खोली इंजिनिअर ठरवेल, पण ती सहा-सात इंचांच्या खाली क्वचितच असते. हे काम फसतं ते भोकातल्या धुळीमुळे. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, असं दोन-तीनदा केल्याशिवाय केमिकल भरू देऊ नका. ते तळापासून वर भरत यायचं आणि सळई फिरवत आत घालायची. धूळ राहिली तर सळई हाताने ओढली तरी बाहेर येते. समोर उभं राहून एक-दोन ओढून बघाच.

काँक्रीट तपासायला नुसता रिबाउंड हॅमर (आपटून पृष्ठभागाचा कडकपणा दाखवणारं उपकरण) मारून मिळालेला आकडा धरू नका. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो आणि आकडा फुगतो. दोन-तीन कोअर (यंत्राने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढा आणि ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाका. गुलाबी झालं तर लोखंडाला काँक्रीटचं संरक्षण अजून आहे. रंगच आला नाही आणि तो रंगहीन भाग सळईपर्यंत पोचला असेल, तर मजल्याचा विचार बाजूला ठेवून आधी कॉलमची दुरुस्ती.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली ९ इंची भिंत १० फूट काढून एक मोठी जागा करायची आहे. स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला आहे. वर दुसरा मजला नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढता येईल, पण 'आधी भिंत पाडू, मग गर्डर टाकू' या क्रमाने नाही. सर्वांत सुरक्षित पद्धत दोन चॅनेलची (इंग्रजी C आकाराच्या लोखंडी तुळयांची). भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन-अडीच फूट सोडून, स्लॅबखाली फळी लावून तीन-तीन फुटांवर लोखंडी जॅक द्या. जॅकच्या पायाखालीही फळी हवी. फरशीखालचा भराव पोकळ असला की एकट्या जॅकचा पाय फरशी फोडून खाली जातो.

मग स्लॅबच्या लगेच खाली भिंतीच्या एका बाजूने अर्ध्या जाडीची खाच पाडा, एक चॅनेल आत बसवा, स्लॅब आणि चॅनेल यांमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फट भरायच्या मसाल्याने) घट्ट भरा. नुसतं सिमेंट-वाळूचं मिश्रण आकसतं, फट राहते आणि नंतर स्लॅब तेवढाच खाली बसतो. ग्राउट कडक झाल्यावर दुसरी बाजू तशीच. दोन्ही चॅनेल आरपार १६ मिमी बोल्टने दीड-दोन फुटांवर आवळा आणि मगच खालच्या विटा काढा. मशिनने नाही, छिन्नी-हातोड्याने, वरून खाली. जॅक त्यानंतरही आठवडाभर ठेवा.

चॅनेलची टोकं ९ इंच भिंतीवर टेकली पाहिजेत आणि त्यांच्याखाली काँक्रीटचा ठोकळा हवा, कारण प्रत्येक टोकावर तीन-साडेतीन टन येतात. विटेवर थेट ठेवलं तर वीट चिरडते. दोन्ही टोकांना किमान दोन फूट भिंत शिल्लक ठेवा. दार तिथेच हवं, असा हट्ट घरातून येतोच. तो मानू नका. १० फुटांना १५० ते २०० मिमी उंचीच्या चॅनेलची जोडी लागते. नेमकी कोणती, हे इंजिनिअर तुमच्या स्लॅबचं माप घेऊन ठरवेल. १५० मिमीची जोडी ताकदीला पुरली तरी थोडी झुकते आणि सीलिंगला केसाएवढी चीर पडते.

प्रश्न : नव्या खोलीच्या स्लॅबचं सेंट्रिंग ठेकेदार पाचव्या दिवशी काढू म्हणतो, फळ्या दुसरीकडे हव्यात म्हणून.
– एक वाचक, बारामती

उत्तर : त्याच्या फळ्या, पण स्लॅब तुमचा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, दोन आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस; ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१. हे साध्या ओपीसी सिमेंटचे आकडे आहेत. तुमच्याकडे आलेलं बहुधा पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल; ते सावकाश ताकद धरतं, म्हणून आणखी काही दिवस द्या. पाणीही किमान १० दिवस, आळी करून, साचवून. एका पोत्याला २५-२७ लिटरपेक्षा जास्त पाणी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. 'माल पळत नाही' म्हणून बादली ओततात, तिथेच निम्मी ताकद जाते.

प्रश्न : चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कौलारू घराला पडवीपुढे १० फूट रुंद खोली, तिलाच बाथरूम जोडायचं आहे. सुतार म्हणतो, वासे पुढे वाढवून तेच छप्पर खाली ओढू.
– एक वाचक, देवरुख

उत्तर : ३० अंशांच्या उतारावर छप्पर दर फुटाला जवळपास ७ इंच खाली येतं. १० फुटांत पावणेसहा फूट. पडवीची कड ७ फुटांवर असेल तर नव्या खोलीची कड सव्वा फुटावर येईल. म्हणून सुतार पुढे म्हणेल, "उतार कमी करू." करू नका. मंगलोरी कौलांचा उतार २५ अंशांच्या खाली गेला की कोकणातला वाऱ्याबरोबरचा पाऊस सांध्यांतून उलटा वर चढतो.

नव्या खोलीला काटकोनात स्वतःचं आढं द्या. दोन छपरं भेटतात तिथे दोन फूट रुंद ॲल्युमिनियमचा किंवा जस्ती पत्रा फळीवर बसवून पन्हळ करा. पत्रा दोन्हीकडे कौलांखाली आठ-नऊ इंच गेला पाहिजे आणि मध्ये हात घालून पानं काढता येतील एवढी चार-पाच इंच जागा उघडी राहिली पाहिजे. मृगाआधी ती साफ करायची. आंबा-फणसाच्या पानांनी पन्हळ तुंबली की पाणी थेट जुन्या भिंतीत उतरतं.

नवी भिंत जुन्या चिऱ्यात दाते काढून गुंतवू नका. जुना पाया बसून झाला आहे, नवा अजून बसायचा आहे. गुंतवलं की चीर जुन्या भिंतीत जाते. इंचभर उभी फट ठेवून थर्मोकोल घाला आणि वरून एकाच बाजूला ठोकलेली पट्टी लावा. बाथरूमचा शॉवर आणि नळ नव्या बाहेरच्या भिंतीवर घ्या. चिरा पाणी पितो. जुन्या भिंतीला लागून ओली जागा केली की दोन पावसाळ्यांत पलीकडच्या खोलीचा रंग सुटतो.

प्रश्न : चार माणसांची नऊ झाली. सेप्टिक टाकी सारखी भरलेली दिसते. मोठी बांधावी का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सेप्टिक टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत भरलेलीच असते, तो बिघाड नाही. पाइपाच्या वर पाणी चढत असेल तर बहुधा शोषखड्डा तुंबला आहे. टाकी उपसल्यावर पाणी पाइपापर्यंत येऊन पुन्हा वर चढू लागलं, की ते नक्की. तेव्हा नवा शोषखड्डा घ्या, विहिरीपासून किमान १८ मीटर दूर.

टाकीचं माप : दर दोन वर्षांनी उपसा धरून पाच माणसांना आतून १.५ मीटर लांब, ०.७५ रुंद आणि १.०५ मीटर पाण्याची खोली पुरते. दहांना २.० × ०.९ × १.४ लागते, म्हणजे दुपटीहून जास्त जागा. वर ३० सेंटीमीटर मोकळं. जुनी टाकी फोडण्याऐवजी तिच्यापुढे दुसरी जोडा. नाहीतर तीच ठेवून दरवर्षी उपसा करा. नऊ माणसांना तेही काही वर्षं चालतं. पागोळ्यांचं पाणी टाकीत सोडलं असेल तर ते आधी तोडा. आणि टाकीत कुणालाही उतरवू नका, झाकण तासभर उघडं ठेवलं असलं तरी. उपसा गाडीच्या पाइपानेच.