ढोल कुठे थांबतो

रत्नागिरी

चिरंजीव लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझी कथा आणि सोबतचे पत्र, दोन्ही मिळाले. शिमग्याचा प्रसंग लिहिताना कानाला हेडफोन लावून एकच भावगीत पुन्हापुन्हा ऐकत होतीस आणि त्यामुळे प्रसंग आपोआप सुचत गेला, असे तू कळवले आहेस. सुचला असेलही, परंतु तो अजून तुझ्या कानातच राहिला आहे, कागदावर पुरता उतरलेला नाही. गाण्याने तुझे मन भरून आले होते, म्हणून त्या भरात लिहिलेली वाक्ये तुला भिजलेली वाटली. वाचकाच्या कानात ते गाणे नसल्यामुळे त्याला तीच वाक्ये कोरडी लागतात. तेव्हा गाणे जरूर ऐक, मनसोक्त ऐक, पण लिहायला बसण्यापूर्वी ते बंद कर. शब्द असलेले गाणे तर लिहिताना नकोच, कारण कवीचे शब्द नकळत तुझ्या पात्रांच्या तोंडी येऊन बसतात.

संगीताकडून भावना उसनी आणायची नसते; वजन कुठे द्यायचे, हे मात्र त्याच्याकडून शिकता येते. भूप आणि देशकार या दोन रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपाचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, गंधार (ग) आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत (ध), तर देशकारात नेमके उलट. तेवढ्याने एक राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा होतो आणि दुसरा सकाळचा. स्वर बदलले नाहीत, मुक्कामाची जागा बदलली. तुझ्या कथेत मुंबईहून आलेला धाकटा भाऊ, गावी राहिलेला थोरला, घराच्या वाटणीचा वाद आणि दारात येणारी पालखी, इतकेच स्वर आहेत आणि ते पुरेसे आहेत. सध्या सारा मुक्काम धाकट्याच्या मनातल्या टोचणीवर आहे. तोच प्रसंग वहिनीच्या हातातल्या ओटीच्या ताटावर थांबवून पाहा. ताटातला नारळ कोणाच्या पैशाचा आणि तो देवापुढे कोणी ठेवायचा, एवढ्यावर मुक्काम केलास तर वाटणीबद्दल एक अक्षरही लिहावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट लयीची, आणि तिच्यावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे. तीनतालाच्या 16 मात्रांत नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे तालातली रिती जागा, येते आणि त्या भागात डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा, घुमारा विरतो. तेराव्या मात्रेनंतर तो परतला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आली, हे श्रोत्याला न मोजताही कळते. समेचा आनंद बराचसा त्या आधीच्या रितेपणावर उभा असतो. तुझ्या प्रसंगात ढोल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वाजतो आहे, आणि त्या गदारोळातच भावांचे भांडण होऊन जाते. प्रत्यक्षात काय घडते ते आठव. पालखी दिसण्याच्या कितीतरी आधी ढोल शेजारच्या वाडीतून ऐकू येतो, वळणाआड दबतो, पुन्हा मोठा होतो. पालखी अंगणात नाचते, खाली ठेवली जाते, आणि गाऱ्हाणे, म्हणजे घरासाठी देवाला मोठ्याने घातलेले साकडे, सुरू होताना ढोल थांबतो. गाऱ्हाणे घालणारा या घरातल्या लेकरांना एकजुटीने नांदव म्हणतो आणि जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. त्या जमावात हे दोन्ही भाऊ उभे आहेत. दोघांनाही ते म्हणावे लागणार आहे. तुझी सम इथे आहे, भांडणात नाही. आणि तिच्यापर्यंत येताना वाक्ये आखूड होत गेली, विशेषणे गळून पडली, तर ‘खाली’ आपोआप साधेल.

गाण्याचे नाव कथेत घालू नकोस, हेही सांगायला हवे. नाव घातले की प्रत्येक वाचक आपापल्या आठवणीत शिरतो आणि तुझे अंगण रिकामे पडते. संगीत नाटकाला ही चैन परवडत असे: बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळत, कथानक तोवर बाजूला ताटकळत उभे राहिले तरी कोणाची हरकत नसे (माझ्या मते ती त्या रंगभूमीची श्रीमंतीही होती आणि खोडही). गद्यात मात्र गाण्यासाठी थांबलेली कथा तिथेच बसकण मारते.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात जाऊन दशावतार, ते तिथले लोकनाट्य, पाहा, आणि प्रेक्षकांत न बसता पायपेटी आणि मृदंग वाजवणाऱ्यांच्या बाजूला जागा धर. तिथे लिहिलेली संहिता नसते; संवाद नट तिथल्या तिथे रचतात, त्यामुळे राजाचा प्रवेश किती लांबवायचा, युद्धाला कधी तोंड फोडायचे, याचा अंदाज वादकांना नटाच्या श्वासावरून घ्यावा लागतो. नटाकडे पाहायचा मोह आवर आणि मृदंग्याचे हात पाहत राहा. ते कुठल्या वाक्यानंतर थांबतात, तेवढेच वहीत टिपून ठेव. तोवर पालखीचा प्रसंग ढोल थांबतो तिथून उलटा मागे लिहीत जा आणि खर्डा मला पाठव. भांडणाचा उतारा गाळलास तरी चालेल.