बाबा ७६ वर्षांचे, हार्टच्या व्हॉल्व्हसाठी ॲसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू. फ्लू झाल्यापासून हिरड्यांतून रक्त येतंय, तापामुळे होतं का?

हो, होऊ शकतं, आणि आजच त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) तपासून घ्या, ताप उतरायची वाट बघू नका. मी फार्मसिस्ट आहे, हे नेहमी बघतो. तापात जेवण सुटतं त्यामुळे पोटात रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के कमी जातं, रक्त गोठवणारे घटक तापात लवकर संपतात, आणि वर कोणी ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं असेल (फ्लू व्हायरसचा, त्यावर त्याचा उपयोगच नाही) तर ॲसिट्रॉमचा असर अजून वाढतो, म्हणजे डोस तोच पण रक्त जास्त पातळ. अंगदुखीला कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन अजिबात नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही भरपूर आणि रोज घेतलं तर आयएनआर थोडा चढतो.

फक्त ॲसिट्रॉम स्वतःच्या मनाने बंद करू नका, व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर ते जास्त धोक्याचं, डोस किती कमी करायचा ते रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील.

हे दिसलं तर मात्र थेट कॅज्युअल्टीत न्या:
- डांबरासारखी काळी शी, किंवा उलटीत, खोकल्यात रक्त
- पडून डोक्याला मार, जरी बरे दिसत असले तरी
- अचानक खूप डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ