अफगाण आणि अरब राजकीय इतिहास वाचायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आधी दोन्ही विषय वेगळे करा. अफगाण हे अरब नाहीत. अफगाणिस्तानात मुख्यतः पश्तो आणि दरी (तिथली फारसी) बोलतात. ही गल्लत डोक्यात राहिली की पुढचं सगळं चुकतं.

अफगाणिस्तानासाठी पहिलं पुस्तक थॉमस बारफिल्ड यांचं 'अफगाणिस्तान: अ कल्चरल अँड पोलिटिकल हिस्टरी'. आपल्याला पानिपतामुळे अब्दाली माहीत असतो. त्याचं राज्य कशावर उभं होतं, काबूलची सत्ता खेड्यापर्यंत का पोचत नाही, हे इथे कळतं. मग स्टीव्ह कोल यांचं 'घोस्ट वॉर्स'. सोव्हिएत आक्रमणापासून १० सप्टेंबर २००१ पर्यंतचा काळ त्यात आहे. बहुतेक वाचक अडकतात ते याच जाडजूड पुस्तकात, कारण पेशावरमधल्या सात मुजाहिदीन (सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या) पक्षांची नावं एकमेकांत मिसळतात. वहीचं एक पान घ्या: पक्ष, नेता, प्रदेश, पैसा कुणाचा. हिकमतयार आणि मसूद या दोन प्रतिस्पर्धी मुजाहिदीन नेत्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवा, १९९२ नंतर काबूल का उद्ध्वस्त झालं ते उलगडत जाईल. शेजारी नकाशा हवाच. सालांग बोगदा (काबूलला उत्तरेशी जोडणारा) आणि ड्युरंड रेषा (पाकिस्तानलगतची सीमा) सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

अहमद रशीद यांचं 'तालिबान' २००० सालचं आहे. नंतरची वाढवलेली आवृत्तीच घ्या.

अरबांसाठी युजीन रोगन यांचं 'द अरब्ज' पुरेसं आहे. ते अरब प्रदेशावरच्या १५१६ च्या ऑटोमन (तुर्की साम्राज्याच्या) विजयापासून सुरू होतं. दोन्ही इतिहास जिथे भेटतात, म्हणजे अफगाण युद्धात उतरलेले अरब, त्यासाठी शेवटी लॉरेन्स राइट यांचं 'द लूमिंग टॉवर' वाचा.