रोलँडसनचे वीस मुक्काम कागदावर कसे उतरवावेत?

प्रश्न : मेरी रोलँडसन या मॅसॅच्युसेट्समधल्या इंग्रज वसाहतीतल्या बाईला तिथल्या मूळनिवासींनी कैद करून नेलं होतं. तिच्या १६८२ साली छापलेल्या बंदिवासकथेचा नकाशा करतो आहे. ऑनलाइन नकाशावर वीस टाचण्या लावायला बसलो, पण बऱ्याच जागा नक्की सापडत नाहीत. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टाचण्या सोडून द्या. तिने प्रकरणं गावांवरून पाडलेली नाहीत, ‘रिमूव्ह’वरून, म्हणजे मुक्काम हलवण्यावरून पाडली आहेत. त्यामुळे बिंदूंपेक्षा रेघांकडे लक्ष हवं.

आधी वीस ओळींचा तक्ता करा : वार-तारीख, अंतराबद्दल तिचेच शब्द, राहिलेले दिवस, खाणं, नदी. ती गप्प असेल तिथे रकाना कोराच ठेवा. मग ए-३ कागदावर, अंतर सांगितलं असेल तर सलग रेघ, नसेल तर तुटक. राहिलेल्या प्रत्येक दिवसाला २ मिलिमीटर व्यास धरून वर्तुळ काढा.

इथेच चूक होते. वेनिमेसेट या मूळनिवासींच्या गावी जखमी मुलीला मांडीवर घेऊन नऊ दिवस बसल्याचं ती सांगते, म्हणून वर्तुळ १८ मिलिमीटरचं वाटतं. पण तिच्या लँकेस्टर गावावर हल्ला १० फेब्रुवारीला, गुरुवारी झाला. ती वेनिमेसेटला पोचली शनिवारी दुपारी, आणि मुलगी गेली १८ तारखेला. नऊ दिवस मोजलेत ते जखम झाल्यापासून. या आईचं कॅलेंडर गोळी लागल्या क्षणी सुरू होतं, हे वर्तुळ काढल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. (छापील साल १६७५ दिसेल, तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागे, आपल्या हिशेबाने ते १६७६.)

दुसरा थर ट्रेसिंग पेपरचा. ती जिथे जिथे ‘रान’ म्हणते तिथे खूण करा आणि खाली मूळनिवासींची गावं, शेतं, नद्या लिहा. बॅक्वॉग नदीवर हा थर फार बोलका होतो. मूळनिवासींनी वाळलेली झाडं तोडून तराफे केले आणि म्हातारीकोतारी, पोरंबाळं, सामानसुमान सगळं पलीकडे गेलं. मागून आलेली इंग्रज फौज मात्र काठावरच थांबली. रोलँडसन याचं श्रेय देवाला देते, पण तराफ्यांचं वर्णनही तिनेच लिहिलेलं आहे. दोन्ही गोष्टी नकाशावर शेजारी शेजारी ठेवा.

बाराव्या हालचालीला बाण उलटा वळवायला विसरू नका : रोलँडसनच्या घराच्या दिशेने निघालेली तिची मालकीण वीटामू मध्येच परत फिरते. तेराव्याला नदीकाठाने खाली जेमतेम पाच-सहा मैल, पण मुक्काम जवळजवळ पंधरवड्याचा. त्या मोठ्या वर्तुळाला कागदावर आधीच जागा राखून ठेवा.