ब्लॉक शून्याने भरणारा पॅच तपासताना

प्रश्न: आमच्याकडे लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) एक छोटी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइल कुठे आणि कशा ठेवायच्या हे सांभाळणारा कोड, लिहिली जात आहे. डिस्कवरचे ब्लॉक (जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) शून्याने भरणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, माझ्याकडे रिव्ह्यूसाठी आला आहे. कोड जेमतेम पानभर असून सर्व चाचण्या पार पडतात. मग त्यात पाहायचे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सर्वप्रथम एकक पाहावे. फाइल सिस्टीम ब्लॉकमध्ये मोजते आणि तो बहुधा 4096 बाइटचा असतो. कर्नलचा ब्लॉक लेयर (डिस्कशी बोलणारा थर) मात्र 512 बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतो, त्यामुळे ब्लॉकचा क्रमांक खाली पाठवण्याआधी तीन बिटांनी डावीकडे सरकवावा, म्हणजे आठने गुणावा लागतो. तो क्रमांक 32 बिटांच्या व्हेरिएबलमध्ये असेल, तर ब्लॉक 53,68,70,912 साठी उत्तर शून्य येते. 2 टेराबाइटच्या सीमेवरचा ब्लॉक पुसायला निघालेला कोड मग पार्टिशनचा पहिलाच ब्लॉक पुसतो, आणि ईएक्सटी4 या लिनक्सच्या प्रचलित फाइल सिस्टीममध्ये सुपरब्लॉक (संपूर्ण फाइल सिस्टीमची मूळ माहिती) तिथेच, 1024 बाइटनंतर, असतो. उत्तर 64 बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले म्हणून हा दोष जात नाही, कारण वरचे बिट सरकवतानाच गळालेले असतात. 64 बिटांत रूपांतर सरकवण्याआधी व्हायला हवे. लहान डिस्कवरच्या चाचण्यांत हे कधीच दिसणार नाही. 3 टेराबाइटची स्पार्स फाइल (जिच्या रिकाम्या भागाला डिस्कवर जागा लागत नाही अशी) करून ती लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे जणू डिस्कच असल्यासारखी, जोडा. प्रत्यक्षात जागा फारच थोडी लागते. खरे तर ‘एसबी_इश्यू_झीरोआउट’ हे कर्नलमधले फंक्शन हेच काम नीट करते, तेव्हा ते सोडून स्वतःचे का लिहिले, हे मी लेखकाला आधी विचारेन.

वेगासाठी कोणी शून्य लिहिण्याऐवजी डिस्कार्ड वापरले असेल, तर पॅच परत पाठवावा. डिस्कार्ड म्हणजे ‘हे ब्लॉक आता नको आहेत’ असे डिस्कला केवळ सुचवणे; तिने ते पुसलेच पाहिजेत असे नाही. त्यानंतर शून्यच वाचायला मिळेल हे गृहीतक कर्नलने 2017 च्या 4.12 आवृत्तीत सोडून दिले. फंक्शनने परत केलेली एरर तपासली जाते का, हेही पाहावे. ती दुर्लक्षिली गेली, तर न पुसलेल्या ब्लॉकमधला एकाचा मजकूर दुसऱ्याच्या नव्या फाइलमध्ये उघडा पडतो.

फाइल सिस्टीमला जर्नल (बदलांची नोंदवही, जिच्यावरून वीज गेल्यानंतर सावरता येते) असेल, तर क्रमही महत्त्वाचा आहे. फाइल काढून टाकल्याची नोंद जर्नलमध्ये कमिट (पक्की) होण्यापूर्वीच तिचे ब्लॉक पुसले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर डिस्क पुन्हा माउंट केल्यावर (वापरासाठी जोडल्यावर) फाइल जागेवर असते, नाव आणि आकारही तोच असतो, पण आत सगळी शून्येच असतात.